उपाशी असणं आणि उपाशी ठेवणं

चळवळीतली माणसं माझ्यासारख्या बालसंरक्षणाच्या कामातल्या बाईच्या नावानं दोन तऱ्हेनं खडे फोडतात. एक तऱ्हा अशी : तुम्ही सरकारच्या पगारी हस्तक. गरिबाच्या झोपडीत शिरता, फॉर्म भरता, पोरं उचलून बालगृहात कोंबता. शेठजीच्या बंगल्यात कधी शिरलात काय? दुसरी तऱ्हा : तुम्ही घरभेदी. आपल्याच माणसावर केस करता, आपल्याच समाजाची लक्तरं पोलीस स्टेशनात टांगता. गंमत अशी की पुष्कळदा एकच माणूस सोमवारी पहिलं बोलतो आणि गुरुवारी दुसरं. वाडी कातकऱ्यांची असली तर पहिलं. वाडी स्वतःची असली तर दुसरं.

पगाराचं सोडा. कंत्राटी माणसाचा पगार किती आणि तो कितव्या महिन्याला येतो, हे ज्याला माहीत आहे तो हस्तक वगैरे शब्द वापरत नाही. पण बाकीचा आरोप मी हसण्यावारी नेत नाही. दोन्ही आरोपांच्या पोटात एकच प्रश्न आहे आणि तो आपल्या पोरांनी, म्हंजे तुम्ही, नीट सोडवलेला नाही. दुसऱ्याच्या घरात शिरून त्याचं मूल उचलण्याचा अधिकार कुणाला, कधी आणि कशाच्या जोरावर?

मी नागोठण्याच्या आसपास फिरते. एका अंगाला पेण, दुसऱ्या अंगाला रोहा, मधून अंबा नदी, वरून मुंबई-गोवा हायवे. कारखान्याची धुराडी रात्रीची लांबून दिव्याच्या माळेसारखी दिसतात. त्या उजेडात डोंगराच्या पायथ्याच्या कातकरवाड्या दिसत नाहीत. कित्येक वाड्यांच्या पायाखालची जमीनही दुसऱ्याच्या नावावर आहे. घर म्हंजे कुडाच्या चार भिंती, आणि सातबाऱ्यावर नाव कुणा जुन्या खोताच्या नातवाचं. आपली बौद्धवाडी त्या मानानं बरी म्हणायची. एखादा पोरगा कंपनीत कंत्राटावर, एखादी पोरगी नर्सिंगला, विहाराला फरशी बसलेली. हा बरेपणा लक्षात ठेवा, पुढं लागेल.

आता कायदा काय बोलतो ते बघा. २०१५ चा बाल न्याय कायदा मुलांची एक जात पाडतो : काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक. १९८६ च्या कायद्यात अशा मुलाला ‘उपेक्षित’ म्हणत. शब्द सुधारला, चांगलं झालं. पण ही जात ओळखायची कशी? कलम २ च्या १४ व्या पोटकलमात यादी आहे. त्यातली अगदी पहिलीच खूण अशी की ज्याला घर नाही, राहायचं ठरलेलं ठिकाण नाही आणि जगण्याचं उघड साधन नाही असं मूल. पुढं मग कामावर सापडलेलं मूल, भीक मागताना सापडलेलं मूल, ज्याचे आईबाप सांभाळायला असमर्थ किंवा नालायक ठरलेत ते मूल.

ही यादी हातात धरून दिवाळीनंतर कुठल्याही कातकरवाडीत उभे राहा. दिवाळी झाली की ट्रक येतात. गणपतीच्या आगेमागे घेतलेली उचल अंगावर असते, ती फेडायला आख्खी घरं वीटभट्टीवर नाहीतर कोळशाच्या भट्टीवर जातात. पेण, पनवेल, तिकडं पार कर्नाटकापर्यंत. पाऊस तोंडावर येईपर्यंत माघारी येत नाहीत. म्हंजे वर्षातले सात महिने ठरलेलं ठिकाण नाही. साधन कसलं? उचल म्हंजे काय साधन? मूल भट्टीवर कच्च्या विटा उलट्यापालट्या करतं, म्हंजे कामावर सापडलेलं. कायद्याच्या अक्षराप्रमाणं त्या वाडीतलं एकूण एक मूल माझ्या वहीत यायला पाहिजे. आणि बंगल्यातलं, दोन आयांच्या हाती वाढणारं, बापाचं तोंड पंधरा दिवसांनी बघणारं मूल यायचं काही कारण नाही. त्याला ठिकाण आहे. साधन तर उघडच आहे.

एका भट्टीवरची गोष्ट सांगते. नावंगावं सांगणार नाही. कलम ७४ तशी मनाई करतं, आणि नसती केली तरी सांगितली नसती. १०९८ वर कुणा मोटारसायकलवाल्यानं फोन केला होता : झोपडीत तीन मुलं एकटी, उपाशी, धाकट्याला ताप, आईबाप बेवारस टाकून गेलेत. १०९८ हा नंबर मुंबईत १९९६ साली सुरू झाला, टाटा समाजविज्ञान संस्थेच्या कामातून. २०२३ पासून तो सरकारनं स्वतःकडं घेतला. चांगला नंबर आहे, त्यानं मुलं वाचलेली मी डोळ्यांनी पाहिलीत. फोन करणाराही भलाच माणूस असणार. तो थांबला तरी. बाकीचे शंभर थांबले नाहीत.

मी गेले तेव्हा आठेक वर्षांची मुलगी दीड वर्षाच्या भावाला कडेवर घेऊन दारात उभी. मधला मातीत. पातेल्यात रात्रीची पेज, वर माशा. भावाचं अंग तापलेलं. पोरीनं फडकं ओलं करून त्याच्या डोक्यावर ठेवलेलं होतं; ते कुणी शिकवलं विचारलं तर बोलली, आईनं. आई होती दोनशे पावलांवर, विटा पाडत होती. मला बघून पळत आली, हात चिखलानं कोपरापर्यंत भरलेले. “बाय, पोरांना नेव नको. उपाशी हाव, पन पोरां आमचीच हाईत. शेठ बोलला हजार पुरं कर, मंग जा दवाखान्यात.”

उपाशी हाव, हे तिनं कबूल केलं. आता सांगा, हिनं मुलांना उपाशी ठेवलं काय? ती स्वतः कालपासून पेजेवर होती. रेशनकार्ड मुकादमाकडं गहाण. दवाखाना सहा किलोमीटर. भट्टी सोडून गेली तर दिवस बुडतो आणि उचलीवर आकडा चढतो. मूल उपाशी होतं. उपाशी ठेवणारा मात्र झोपडीत नव्हता. तो उचलीची वही घेऊन पेढीवर बसला होता.

आता माझ्या पिशवीत काय काय असतं ते ऐका. मूल ताब्यात घेतलं तर प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत ते बाल कल्याण समितीपुढं हजर करायचं, त्याचा कागद आहे. पंधरा दिवसांत समितीला सामाजिक तपासाचा अहवाल द्यायचा, त्याचा लांबलचक नमुना आहे. आईबापाचं शिक्षण, धंदा, आजार, व्यसन, मुलाशी वागणूक, घरातली भांडणं, सगळ्याला रकाना. त्यांना उचल देणाऱ्याला रकाना नाही. मूल नेण्याचा अधिकार मला एका सहीत मिळतो. मुलाच्या घरात दहा किलो तांदूळ पोचवण्याचा अधिकार मला नाही. गहाण कार्ड सोडवण्याचा नाही. एक दिवसाची भरपगारी रजा त्या बाईला देण्याचा नाही. ज्याच्या हातात फक्त कुऱ्हाड दिलीय त्यानं झाडाला पाणी का घातलं नाही म्हणून विचारायचं, असा हा सगळा कारभार आहे.

भट्टीवरचं मूल मी नेलं नाही. त्याला आणि आईला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, आणि त्या दिवसाच्या हजार विटांचं काय ते बघू म्हणून शेठला तोंडावर सांगितलं. नंतर तपास अहवालात, रकाना नव्हता तरी, मागच्या पानावर उचलीचा आकडा लिहिला. १९७६ चा वेठबिगार निर्मूलन कायदा उचलीच्या बदल्यात बांधून घेतलेल्या माणसाला मोकळा करतो आणि ते कर्ज जागच्या जागी रद्द करतो. चौकशी करून मुक्तीचा दाखला देणं हे जिल्हाधिकाऱ्याचं, प्रांताचं काम. दाखला मिळाला तर तातडीची मदत आहे, पुनर्वसन आहे. पण बालसंरक्षणाची फाईल एका टेबलावर आणि वेठबिगारीची दुसऱ्या टेबलावर, आणि दोन टेबलांची भेट घडवायला मधे कुणीतरी चपला झिजवायला लागतो. तेव्हा कुठं ‘नालायक आईबाप’ या शब्दाच्या जागी ‘बांधलेले आईबाप’ हा शब्द येतो.

२०११ साली नॉर्वेत काय घडलं ते तुमच्यातल्या पेपर वाचणाऱ्यांना आठवत असेल. तिथं राहणाऱ्या एका बंगाली कुटुंबाची दोन लहान मुलं तिथल्या बालकल्याणवाल्यांनी नेली. आईबापांचं म्हणणं असं की हातानं भरवतो, मूल आपल्याच अंथरुणात झोपवतो, यावरही त्या लोकांनी बोट ठेवलं. तिथले अधिकारी म्हणाले, कारणं वेगळी होती. खरं काय ते असो. पण इकडं केवढा हलकल्लोळ झाला! दिल्लीचं परराष्ट्र खातं मधे पडलं, आपल्या संस्कृतीवर घाला म्हणून आमच्या टीव्हीवाल्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, २०१२ साली मुलं भारतात आली. बरोबरच होतं. गोऱ्या बाईनं आपल्या घरात शिरून आपलं अंथरूण-पांघरूण मोजलं की कसं वाटतं ते त्या दिवशी पांढरपेशांना कळलं. तेच पांढरपेशे पेणच्या रस्त्यावर गाडी थांबवून, एका गोधडीत झोपलेली चार कातकरी पोरं बघून, मला फोन करतात : म्याडम, यांना काही संस्कार आहेत का हो? तुम्ही यांची मुलं उचलून कुठंतरी चांगल्या ठिकाणी का नेत नाही?

चांगल्या ठिकाणी. या दोन शब्दांनी जगात फार मुलं पळवली आहेत. इंग्रजानं १८७१ साली जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या. १८९७ च्या दुरुस्तीनं त्यांची चार वर्षांपासूनची मुलंसुद्धा आईबापांपासून तोडून सुधारवसाहतीत ठेवायची मुभा घेतली. का? तर आईबापाच्या संगतीनं बिघडतील म्हणून. १९५२ साली जमाती मोकळ्या झाल्या, पण पारध्याचं पोर बघून हात खिशावर जातो तो अजून मोकळा झाला नाही. ऑस्ट्रेलियात गोऱ्या सरकारनं आदिवासींची मुलं पिढ्यानपिढ्या नेली, मिशनात ठेवली, भाषा विसरायला लावली. १९९७ साली त्यावर मोठा चौकशी अहवाल निघाला आणि १३ फेब्रुवारी २००८ ला तिथल्या पंतप्रधानानं संसदेत उभं राहून माफी मागितली. कॅनडानं त्याच वर्षी मागितली. सगळ्यांच्या तोंडी एकच होतं, मुलाचं भलं. नेणाऱ्यांतले बरेचसे तर प्रामाणिकही असतील. प्रामाणिकपणानं त्या आयांना काय उपयोग झाला?

इथपर्यंत तुम्ही माना डोलावत असणार. ही बाई आपलीच, व्यवस्थेविरुद्ध बोलते. जरा थांबा.

सप्टेंबर २०२२. नाशिक जिल्ह्यातलं इगतपुरी तालुक्यातलं उभाडे. तिथल्या कातकरी घरांतली मुलं मेंढपाळांकडं राबायला दिली होती. बदल्यात थोडे पैसे, एखादं मेंढरू. त्यातली एक दहा-अकरा वर्षांची मुलगी अर्धमेल्या अवस्थेत आणून घरापाशी टाकली आणि ती दवाखान्यात मेली. मग श्रमजीवी संघटनेनं आवाज उठवला, गुन्हे दाखल झाले, आणखी मुलं सुटली. इथं काय म्हणायचं? आईबाप गरीब, भुकेले, अडलेले. सगळं खरं. कायदासुद्धा ते जाणतो. २०१५ च्या कायद्याचं कलम ७५ मुलावरच्या क्रूरतेला शिक्षा सांगतं, पण त्यातच लिहिलंय की जन्मदात्यांनी आवाक्याबाहेरच्या परिस्थितीमुळं मूल टाकलं असेल तर ते जाणूनबुजून टाकलं असं धरू नये. म्हंजे कायदा करणाऱ्या कुणाला तरी उपाशी असणं आणि उपाशी ठेवणं यातला फरक ठाऊक होता. चांगली गोष्ट आहे. पण पोरगी मेली ती मेलीच. तिला, तुझे आईबाप व्यवस्थेचे बळी आहेत हे समजावून सांगून चाललं नसतं. तिला त्या मेंढरामागून कुणीतरी, कुठल्याही खात्याच्या, कसल्याही जातीच्या माणसानं वेळेवर उचलून आणायला पाहिजे होतं. व्यवस्था बदलेल तेव्हा बदलेल. मुलाचं वय तोवर थांबत नाही.

आणि उचलून ठेवायचं कुठं, हा पुन्हा प्रश्न. आपल्याच जिल्ह्यात पनवेलजवळ कळंबोलीच्या एका बालगृहात मतिमंद मुलींवर अत्याचार होत होते. २०११ साली उघडकीला आले, २०१३ साली मुंबईच्या सत्र न्यायालयानं शिक्षा दिल्या. त्या मुलीही कुणीतरी संरक्षणासाठीच तिथं ठेवल्या होत्या. तेव्हापासून बालगृहाचं दार मागं बंद झालं की काम झालं असं मी मानत नाही. दाराच्या आत जायला, मुलाशी एकटीनं बोलायला मी पुन्हा पुन्हा जाते. ते काही ठिकाणी आवडत नाही.

आता दुसरा आरोप. घरभेदी.

एक मुलगी शाळेत आली, इयत्ता सहावी. हातावर, मांडीवर तापल्या उलथन्याचे डाग. एक जुना, एक ताजा, म्हंजे चुकून भाजलेलं नव्हे. बाप जयंती कमिटीत, मोर्च्यात पुढं, घोषणा देताना गळ्याच्या शिरा ताणणारा. दारू पितो, पण ते कारण म्हणून मी लिहीत नाही. न पिता मारणारे मी पुष्कळ पाहिलेत. शाळेतल्या बाईंनी कळवलं, मी गेले. दुसऱ्या दिवशी माझ्या घरी चार माणसं. सगळी ओळखीची, जयभीम घालून बसली. मग सुरू. “ताई, घरातलं घरात मिटवू.” “पोलीस स्टेशनात बसलेत कोण? त्यांना आपला माणूस सापडायलाच पाहिजे.” “गाववाले काय बोलतील? हेच तुमचे सुधारलेले काय?” शेवटी सगळ्यात शिकलेला माणूस बोलला, “ताई, बघा, हे सगळं गरिबीतून येतं. कामावरून काढलाय त्याला. शोषण वरून खाली झिरपतं.”

हे शेवटचं वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं, कारण ते आपल्याच पुस्तकातून उचललेलं होतं. मी त्यांना एवढंच विचारलं की कामावरून काढला तर मुकादमाला उलथनं का लावलं नाही? साहेबाला का नाही? हात उचलला तो सहावीतल्या पोरीवर का? गरिबीनं पोटात आग पडते, उलथनं तापत नाही. ते चुलीवर धरायला लागतं, लाल व्हायची वाट बघायला लागते, आणि मग पोरीचा हात धरायला लागतो. तेवढ्या वेळात माणूस काय विचार करतो? शोषणाचा?

भट्टीवरच्या आईला सरकारी नमुना नालायक ठरवायला निघाला होता, कारण त्याला अभाव दिसला आणि तो अभाव त्यानं अत्याचार म्हणून लिहिला. माझ्या ओटीवर बसलेल्या चौघांना अत्याचार दिसला आणि ते तो अभाव म्हणून लिहा म्हणत होते. चूक एकच, फक्त उलटी धरलेली. तिथं गरीब बाई गुन्हेगार होते, इथं गुन्हेगार गरीब होतो. दोन्हीकडं मुलाला कुणी विचारत नाही.

समाजाची बदनामी होईल ही भीती मला कळते. आपल्या वस्तीत पोलीस शिरले तर काय करतात हे मला तुमच्याइतकंच माहीत आहे. म्हणून आपल्याकडं पोलीस नको, आपण आपलं बघू, हे म्हणणं मी फेकून देत नाही. पण आपण आपलं बघू म्हणणाऱ्यांनी कधी बघितलं काय? कमिटीनं त्या बापाला जयंतीच्या स्टेजवरून खाली उतरवलं असतं, पोरीला आपल्या घरी नेऊन ठेवलं असतं, तर मी वेगळं बोलले असते. चौघे आले ते पोरीला बघायला नव्हे. तिच्या डागांचा रंग कसा आहे हे त्यांतल्या एकालाही ठाऊक नव्हतं. आणि लैंगिक अत्याचार असेल तर मिटवायला जागाच नाही. २०१२ चा पोक्सो कायदा माहीत असून न कळवणाऱ्यालाही शिक्षा सांगतो. दरवर्षीच्या राष्ट्रीय गुन्हे नोंदी उघडून बघा, दहातल्या नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी मुलीच्या ओळखीतलाच. रस्त्यावरचा राक्षस फार थोडा. बाकी काका, शेजारी, मास्तर, बाप.

बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ ला जी पोथी जाळायला लावली ती महाडला, याच आपल्या जिल्ह्यात. तेव्हा त्याचं नाव कुलाबा होतं. त्या पोथीत शूद्राला आणि बाईला एकाच दोरीनं बांधलं होतं. १९४२ साली नागपूरच्या महिला परिषदेत ते बायांना बोलले की मुलांची लग्नं घाईनं करू नका, आणि नवऱ्यापुढं दासी म्हणून नव्हे, बरोबरीची मैत्रीण म्हणून उभ्या राहा. १९५१ साली मंत्रिपद सोडलं त्यामागचं एक मोठं कारण हिंदू कोड बिल. म्हंजे घराच्या आत कोण कुणाचा मालक, हा प्रश्न त्यांनी राजकारणाच्या बाहेर ठेवला नव्हता. आपण ठेवतो. दारावर अशोकचक्र आणि आत बापाचं राज्य, अशी घरं मी नावानिशी सांगू शकते. सांगत नाही.

मग मूल कुणाचं? बापाचं नाही. समाजाचंही नाही, की त्यानं अब्रूसाठी त्याला झाकून ठेवावं. सरकारचं तर नाहीच. विनयपिटकात एक गोष्ट आहे. बुद्धांनी राहुलला, अजून पोरगाच होता तो, संघात घेतलं. शुद्धोदन म्हातारा. आधी मुलगा गेला, आता नातू. त्यानं येऊन आपलं दुःख बोलून दाखवलं आणि मागणी केली की इथून पुढं आईबापांच्या परवानगीशिवाय कुणाचं मूल घेऊ नका. बुद्धांनी ऐकलं. नियम केला. मला ही गोष्ट फार मोठी वाटते. नेणारा कोण होता, तर बुद्ध. न्यायचं ठिकाण कुठलं, तर संघ. याहून चांगलं ठिकाण कुठलं असणार? तरी परवानगी लागते म्हणाले.

पण नियम मागणारा शुद्धोदन हा उलथनं लावणारा नव्हता, हेही त्याच गोष्टीत आहे. ज्याच्या हातानं डाग पडले त्याच्याच परवानगीनं पोरीला दवाखान्यात न्यायचं काय? तिथं परवानगी पोरीची. कायदाही सांगतो की मुलाचं म्हणणं ऐकलं पाहिजे, त्याच्या वयाप्रमाणं धरलं पाहिजे. मी त्या मुलीला विचारलं, आज रात्री तुला कुठं झोपायचंय? तिनं क्षणभर विचार केला नाही. “आत्याकडं. पण बाबाला सांगू नका आत्या कुठं राहते.” त्याला ते ठाऊकच होतं, त्याचीच बहीण ती. पोरगीला म्हणायचं होतं की तिथं त्याला येऊ देऊ नका. समितीनं मुलगी आत्याच्या ताब्यात दिली. बालगृहात नाही. गुन्हाही नोंदला. चौघांपैकी दोघं अजून माझ्याशी बोलत नाहीत.

आपल्याकडं या कामाचा धडा बाहेरून आणायची गरज नव्हती. १८६३ साली जोतिराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसलेल्या ब्राह्मण विधवांसाठी. बाळंत व्हा, मूल न्यायचं तर न्या, ठेवायचं तर ठेवा, ते तुमच्या खुशीवर, असा त्याचा करार होता. आईला दोषी ठरवून मूल वाचवायचं, असा धंदा त्यांनी केला नाही. दोघांना एकदमच वाचवलं. तिथंच जन्मलेला यशवंत त्यांनी दत्तक घेतला, शिकवून डॉक्टर केला. आज महाराष्ट्र सरकारच्या बालसंगोपन योजनेला सावित्रीबाईंचं नाव आहे. मूल संस्थेत न टाकता आईकडं, आजीकडं, नातेवाइकाकडं राहावं म्हणून महिन्याला पैसे. आधी ४२५ होते, मग ११०० झाले, २०२३ पासून २२५०. आत्याकडं राहणाऱ्या त्या मुलीसाठी आम्ही अर्ज केला. उत्पन्नाचा दाखला, आधार, बँकेचं खातं, रेशनकार्ड, फोटो. सही कुणाची, ताबा कुणाचा, यावर फाईल दोनदा परत आली. आत्या भाजी विकते. एका दाखल्यासाठी तिचे तीन बाजार बुडाले. बालगृहात मूल टाकायला यातलं काहीच लागलं नसतं.

आणि कातकऱ्याकडं तर जन्माचा दाखलाच नसतो. सावित्रीबाईंच्या नावाचे पैसे घ्यायला आधी आपण जन्मलोय हे सिद्ध करायला लागतं. गावागावात ग्राम बाल संरक्षण समिती आहे, सरपंच तिचा अध्यक्ष. इकडच्या बहुतेक समित्या मी वहीतच बघितल्यात. सह्या एका पेनानं केलेल्या. तुमच्यातले किती जण त्या समितीत बसायला गेलात? स्टेजवर जागा मिळावी म्हणून भांडणारे पुष्कळ दिसतात.

भट्टीवरच्या त्या कुटुंबाचं अजून संपलेलं नाही. मुक्तीचा दाखला मिळालेला नाही, फाईल फिरते आहे. कार्ड मात्र सुटलं. मोठी पोरगी यंदा शाळेत आहे. पावसाळाभर. दिवाळीनंतर ट्रक आला की ती जाणार की राहणार हे हंगामी वसतिगृह वाडीत वेळेवर सुरू होतं की नाही यावर आहे. त्याचा प्रस्ताव शाळेकडून आधीच जायला लागतो, मुलांची यादी लावून. यादी करायला वाडीवर जायला लागतं, संध्याकाळी, माणसं मजुरीवरून परत आल्यावर. गणपती विसर्जनानंतरच्या आठवड्यात मुकादम उचल वाटायला येतो. मी त्याच्या आधी जाणार आहे. दोघातिघांनी सोबत यावं. नागोठण्याच्या स्टँडवर पाच वाजता भेटा, तिथून पुढं चालत जायचं आहे. बॅटरी आणा, वाडीत वीज असते असं धरून चालू नका. आणि लिहिता येणारा एक तरी पाहिजे, ज्याचं अक्षर तलाठ्याला वाचता येईल.